कार्व्हरचे कॉलेज आणि आपले मिलिंद

प्रश्न : मी मूळचा जालना जिल्ह्यातला. आयटीआय करून सध्या चाकण एमआयडीसीत नोकरीला आहे, राहायला महाळुंगे (इंगळे) येथे. रूममधल्या मित्राने वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ दिले, ते दोन शिफ्टच्या मधल्या वेळात वाचून काढले. कार्व्हर ज्या टस्कीगीच्या संस्थेत शिकवायचे, ती फक्त काळ्या लोकांसाठी होती का? ती कोणी उभी केली? आज ती आहे का, आणि तिथे गोऱ्या मुलांना घेतात का? मुख्य म्हणजे, आपल्या महाराष्ट्रात असे कॉलेज कधी निघाले का? आमच्या पिंपरी-चिंचवड, चाकण भागाशी त्याचा काही संबंध आहे का?
— एक वाचक, महाळुंगे

उत्तर : तुमच्या पत्रात सहा प्रश्न आहेत. शेवटून दुसरा मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून उत्तरातली जास्त जागा मी त्यालाच देणार आहे. तुम्ही जालना जिल्ह्यातले, आणि त्याचे उत्तर जालन्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवरच आहे. पण आधी टस्कीगी.

अमेरिकेत 1865 मध्ये यादवी युद्ध संपले आणि सुमारे चाळीस लाख गुलाम कायद्याने मोकळे झाले. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवणे हाच गुन्हा होता. त्यामुळे माणसे मोकळी झाली तेव्हा त्यांच्या हाती जमीन नव्हती, पैसा नव्हता आणि अक्षरही नव्हते. उत्तरेत काही शाळा त्याआधीच निघाल्या होत्या. पेनसिल्व्हेनियातली चेनी ही 1837 मधली, ओहायोतली विल्बरफोर्स 1856 मधली. पण खरी लाट युद्धानंतर आली. 1866 मध्ये नॅशव्हिलला फिस्क, 1867 मध्ये वॉशिंग्टनला हॉवर्ड, त्याच वर्षी जॉर्जियात मोअरहाऊस, 1868 मध्ये व्हर्जिनियात हॅम्प्टन. मिशनरी संस्था, मुक्त गुलामांसाठी नेमलेले सरकारी खाते, काळ्या लोकांची स्वतःची चर्चे आणि त्यांनी पै-पैने जमवलेली वर्गणी, अशा सगळ्यांच्या हातांनी ही कॉलेजे उभी राहिली.

टस्कीगी त्यानंतरची, 1881 मधली. अलाबामा राज्याने काळ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वर्षाला दोन हजार डॉलर मंजूर केले. एका गोऱ्या उमेदवाराला निवडणुकीत काळ्यांची मते हवी होती आणि लुईस ॲडम्स या एकेकाळच्या गुलामाने, पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने, त्या मतांच्या बदल्यात शाळा मागितली होती. पैसे मिळाले ते फक्त पगारापुरते. जागा नाही, इमारत नाही, फळा नाही. तिथे पोहोचलेला बुकर टी. वॉशिंग्टन हा पंचविशीतला शिक्षक स्वतः गुलाम म्हणून जन्मलेला. लहानपणी मिठाच्या भट्टीवर आणि कोळशाच्या खाणीत राबून, मैलोन्‌मैल चालून तो हॅम्प्टनला शिकायला गेला होता. त्याने चर्चशेजारच्या मोडक्या खोपटात तीस विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू केला. पाऊस आला की एक मोठा विद्यार्थी उठून मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरायचा आणि तास पुढे चालू राहायचा.

पुढे उसनवारी करून शंभर एकरांचा एक उजाड मळा घेतला. इमारतीसाठी विटा हव्या होत्या आणि त्या गावात वीटभट्टीच नव्हती. मग विद्यार्थ्यांनीच गुडघाभर चिखलात उतरून माती मळली, विटा पाडल्या, भट्टी लावली. पहिली भट्टी फसली. दुसरीही फसली. तिसरी जवळजवळ भाजून होत आली असता मध्यरात्री कोसळली. हातात एक डॉलर उरला नव्हता. वॉशिंग्टनने आपले घड्याळ गहाण टाकून पंधरा डॉलर उभे केले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. पुढे शेजारपाजारचे गोरे लोकही टस्कीगीच्या विटा विकत घ्यायला येऊ लागले. तुम्ही स्वतः कारखान्यात काम करता, तेव्हा तीन वेळा वाया गेलेला माल पाहूनही चौथ्यांदा हात घालणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

अशा ठिकाणी 1896 मध्ये कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर आले आणि 1943 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. त्यांना कॅन्ससमधल्या एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला होता आणि प्रत्यक्ष रंग पाहिल्यावर दारातून परत पाठवले होते, हे तुम्ही पुस्तकात वाचलेच आहे. हाच प्रकार जागोजागी होता. दक्षिणेतल्या राज्यांत तर कायद्यानेच वेगळी शाळा, वेगळा डबा, वेगळा नळ. 1890 मध्ये अमेरिकी संसदेने ठरवले की ज्या राज्याच्या सरकारी शेतकी कॉलेजात काळ्यांना प्रवेश नाही, त्याने त्यांच्यासाठी निराळे कॉलेज काढावे, नाहीतर केंद्राचा पैसा मिळणार नाही. राज्यांनी दार उघडण्यापेक्षा निराळी कॉलेजे काढणे पसंत केले, आणि गोऱ्यांच्या कॉलेजांच्या तुलनेत त्यांना पैसाही तुटपुंजाच दिला. तरीही त्याच कॉलेजांतून थर्गुड मार्शल बाहेर पडले. मेरिलँडच्या लॉ कॉलेजची दारे काळ्यांना बंद होती म्हणून ते हॉवर्डला गेले, 1933 मध्ये वकील झाले आणि 1954 मध्ये शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा खटला त्यांनीच सर्वोच्च न्यायालयात जिंकला. 1967 मध्ये ते त्याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मार्टिन ल्यूथर किंग मोअरहाऊसचे. नोबेल मिळवणाऱ्या कादंबरीकार टोनी मॉरिसन हॉवर्डच्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न. आपल्याकडे असे काही झाले का? झाले, आणि तिकडच्या व इकडच्या या लढ्यांचा एकमेकांशी परिचयही फार जुना आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जन लोकांना अर्पण केले. त्याआधी 1848 मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा आणि 1852 मध्ये वेताळ पेठेत अस्पृश्य मानलेल्या मुलांची शाळा त्यांनी काढली होती. टस्कीगीच्या त्या खोपटाच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

एक फरक मात्र नीट लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत भेद कायद्यात लिहिलेला होता. आपल्याकडे इंग्रजी अमलात सरकारी शाळा कागदोपत्री सगळ्यांना खुल्या होत्या. 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि त्यावरून सरकारदरबारी मोठी लिखापढी झाली. पण नियम झाला म्हणून गाव बदलत नाही. मुलगा शाळेत बसला तरी त्याने पाणी कुठले प्यायचे? तालुक्याच्या गावी शिकायला गेला तर त्याला खोली कोण देणार, जेवायला कोण वाढणार? बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तरी प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठाला त्यांनी हात लावू नये अशी कुरकुर सहकाऱ्यांनी केलीच. म्हणून आपल्याकडे या लढ्याची सुरुवात कॉलेजापासून झाली नाही, ती वसतिगृहापासून झाली.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून जातवार बोर्डिंगे उभी केली. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. विठ्ठल रामजी शिंद्यांचे डिप्रेस्ड क्लासेस मिशन 1906 चे. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. मुलांनी शेतात, बांधकामावर काम करायचे आणि शिकायचे, हे त्यांचे ‘कमवा आणि शिका’ टस्कीगीच्या अगदी जवळचे. एकदा बोर्डिंगात शिधा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांसाठी आपले मंगळसूत्रही विकले. तिकडचे घड्याळ आणि इकडचे मंगळसूत्र, या दोन वस्तू मला नेहमी शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. सरकारने पगार किंवा अनुदान दिले तरी संस्था अडते ती अशा एखाद्या रात्री, आणि त्या रात्री कोणाच्या तरी घरातली वस्तू बाहेर निघते.

बाबासाहेबांची वाट याच्या पुढची. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पाठोपाठ सोलापूरला वसतिगृह निघाले. पण त्यांचा जीव उच्च शिक्षणात होता. अमेरिकेतल्या काळ्यांमध्येही हा वाद पेटलेला होता. वॉशिंग्टन म्हणत, आधी हाताला कसब द्या, पोट भरू द्या. फिस्कमध्ये शिकलेले आणि हार्वर्डमधून पीएचडी मिळवणारे पहिले काळे विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस म्हणत, समाजाला वर काढायचे तर त्याचे स्वतःचे विचारवंत, वकील, प्राध्यापक हवेत. 1913 ते 1916 या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कला होते तेव्हा ही चर्चा तिथे चालू होती, आणि 1915 मध्ये वॉशिंग्टन वारले तेव्हाही ते तिथेच होते. त्यांचा कल डु बॉइसकडे झुकणारा, असे त्यांच्या पुढच्या कामावरून मला ठामपणे वाटते. पण तुम्ही आयटीआयचे आहात म्हणून मुद्दाम सांगतो, त्यांनी तंत्रशिक्षण कधी कमी लेखले नाही. 1942 मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. मॅट्रिकनंतरची जी सरकारी शिष्यवृत्ती आजही लाखो घरांत येते, ती 1944 मध्ये सुरू झाली ती त्यांच्याच पाठपुराव्याने.

8 जुलै 1945 रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेही लष्कराच्या रिकाम्या बराकींत. त्याच सुमारास बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतले काळे लोक आपली तक्रार संयुक्त राष्ट्रसंघात नेत आहेत असे त्यांनी वाचले होते आणि त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. 31 जुलै 1946 रोजी डु बॉइस यांनी उत्तर लिहिले. एकीकडे बराकीत वर्ग भरत होते आणि दुसरीकडे अशी पत्रे जात-येत होती. एका दिवसात एकाच माणसाच्या टेबलावर या दोन्ही गोष्टी असू शकत होत्या, हे लक्षात आले की मन भरून येते. 1947 मध्ये नोकरी करणाऱ्यांसाठी सिद्धार्थ रात्रशाळाही निघाली.

आणि मग मिलिंद. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाची राजवट संपली तेव्हा तुमचा मराठवाडा शिक्षणात किती मागे पडला होता, हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, तेही उर्दू माध्यमाचे. बीड-परभणीच्या एखाद्या शेतमजुराच्या पोराने तिथे जाऊन पदवी घ्यायची, हे स्वप्नातही न येणारे. पुण्या-मुंबईला कॉलेजे होती, मदत करणारी माणसे होती. बाबासाहेबांनी ते सोडून औरंगाबाद निवडले, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. जून 1950 मध्ये कॉलेज सुरू झाले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे कॉलेजला मिलिंद आणि त्याच्या आवाराला नागसेनवन अशी नावे मिळाली. भिक्खू नागसेनाला खोदून खोदून प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजावरून हे मिलिंद नाव आले आहे.

पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. ते दलित समाजातले नव्हते. प्राध्यापकवर्गातही वेगवेगळ्या जातींची माणसे होती आणि प्रवेश सगळ्यांना खुला होता. बाबासाहेबांचा आग्रहच तसा होता. अमेरिकेतही काही ठिकाणी असेच झाले होते. हॉवर्ड विद्यापीठाच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये संस्थापकांच्या गोऱ्या मुली होत्या. ‘काळ्यांचे कॉलेज’ किंवा ‘दलितांचे कॉलेज’ हे नाव बाहेरच्यांनी दिले. हॉवर्ड आणि मिलिंद यांनी आपले दार कधी लावले नाही. ज्यांना दुसरीकडे दारे बंद होती त्यांना इथे दुय्यम म्हणून वागवले जाणार नाही, एवढीच खात्री या संस्था देत होत्या.

मिलिंदचे सर्वांत मोठे काम काय, असे मला कोणी विचारले तर मी निकालाचे आकडे सांगणार नाही. इथे वसतिगृहाची खोली आणि दोन वेळचे जेवण मिळालेली मुले लिहायला लागली, हे सांगेन. चिटणीसांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक इथल्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर केले. प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत संशोधन करून आले, येताना तिथल्या काळ्या लेखकांचे साहित्य वाचून आले आणि आपल्या मुलांना म्हणू लागले की तुमची गोष्ट तुम्हीच लिहा. मिलिंदमध्येच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक जन्मभर चालवले. दलित साहित्याची चळवळ ज्या काही ठिकाणी उभी राहिली, त्यांत नागसेनवनाचे स्थान फार वरचे आहे. 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले अशा तरुणांनी दलित पँथर काढली, तिचे नाव 1966 च्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. तिकडची बातमी इकडे पोहोचली आणि कोणाच्या तरी काळजाला भिडली, ती वाचणारी पिढी तयार झाली होती म्हणून. त्या पिढीच्या घरात पहिले पुस्तक आणले ते अशा कॉलेजांनी. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात हे मिलिंदचेच विद्यार्थी.

मिलिंद निघाल्यावर आठ वर्षांनी, 23 ऑगस्ट 1958 रोजी, त्याच शहरात मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी. साडेपंधरा वर्षे लागली. तुम्ही जालन्याचे, 14 जानेवारीला विद्यापीठ गेटवर काय गर्दी होते ते तुम्हाला ठाऊक असेल. ज्या माणसाने या भागात कॉलेज आणले त्याचे नाव विद्यापीठाला देताना एवढे रक्त सांडावे, याचा राग मला आजही येतो, आणि तो यावाच असे मला वाटते.

टस्कीगी आज आहे का? आहे, आणि आता ते विद्यापीठ आहे. कार्व्हर आणि वॉशिंग्टन यांच्या समाध्या त्याच आवारात आहेत. अशी शंभराच्या आसपास विद्यापीठे आणि कॉलेजे अमेरिकेत चालू आहेत. 1965 च्या शिक्षण कायद्याने त्यांना वेगळा दर्जा दिला. 1964 पूर्वी स्थापन झालेली आणि काळ्यांच्या शिक्षणाचा हेतू असलेली ती संस्था, अशी त्याची व्याख्या. 1954 च्या निकालानंतर गोऱ्यांची कॉलेजे खुली झाली, हुशार मुले आणि नामवंत प्राध्यापक तिकडे जाऊ लागले, तेव्हा आता या संस्थांची गरज काय असे म्हणणारे पुष्कळ निघाले. काही बंदही पडल्या. गोऱ्या मुलांना प्रवेश आहेच. वेस्ट व्हर्जिनियातले ब्लूफील्ड स्टेट हे कोळसा खाणीतल्या काळ्या कामगारांच्या मुलांसाठी निघालेले कॉलेज, आज तिथे बहुसंख्य विद्यार्थी गोरे आहेत, तरी सरकारदप्तरी त्याची नोंद काळ्यांचे ऐतिहासिक कॉलेज अशीच आहे. मिलिंदमध्येही कुठल्याही जातिधर्माचा मुलगा किंवा मुलगी अर्ज करू शकते, पहिल्या दिवसापासून करू शकत होती.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तुमच्या भागाचा. मिलिंदसारखे कॉलेज या पट्ट्यात निघाले नाही. पण बाबासाहेबांचा या परिसराशी संबंध होता. महाळुंग्यातून जाणारा चाकण-तळेगाव रस्ता ज्या तळेगाव दाभाड्याला जातो, तिथे त्यांचा बंगला आहे. मुंबई-दिल्लीच्या धकाधकीतून ते तिथे येऊन राहत. देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी त्यांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्वतःच्या हाताने बसवली, नागपूरच्या धर्मांतराच्या जवळपास दोन वर्षे आधी. आज त्या जागेला धर्मभूमी म्हणतात आणि दर 25 डिसेंबरला तिथे मोठा मेळा भरतो. दोन्ही ठिकाणे एका साप्ताहिक सुट्टीत पाहून होतात. पुढच्या वेळी गावी जाताना मात्र संभाजीनगरला उतरा आणि नागसेनवनात जाऊन या. आणि तुम्ही पुस्तके मागितली नसली तरी सांगतो, कार्व्हरनंतर बुकर टी. वॉशिंग्टनचे आत्मचरित्र मिळवून वाचा. विटांच्या त्या चारही भट्ट्यांची हकिगत त्यात त्याने स्वतः सविस्तर लिहिली आहे.